ओळ बदलू नकोस

पौड, ता. मुळशी

चि. माऊ,


तुझं पाकीट मिळालं. वाचलं आणि रात्री डोळा लागला नाही. आजीच्या ओव्या तू टाइप केल्यास, फार चांगलं केलंस. पण ‘पानी’चं ‘पाणी’ केलंस, ‘माज्या’चं ‘माझ्या’ केलंस आणि ओळीतला ‘गं बाई’ पाल्हाळ म्हणून उडवलास! कुणी सांगितलं तुला हे?

आणि त्याच पाकिटात जपानी गाण्यांच्या कौतुकाची चार पानं. अक्षरं ‘विश्वा’ची छापायची आणि गायचं ‘सोरा’, म्हणजे आकाश. लिहायचं ‘उन्मेइ’ आणि गायचं ‘सादामे’. दोन्ही नशीबच, पण दुसरा शब्द त्यांच्या जुन्या घरच्या बोलीतला. ‘स्त्री’चं चिन्ह काढून ‘हितो’, म्हणजे माणूस, असं म्हणायचं. चिन्हाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत हा उच्चार छापतात, त्याला फुरिगाना म्हणतात. परीक्षेत असं वाचलं तर गुण जातात, गाण्यात मात्र चालतं. मला हे मनापासून आवडलं. तुझ्या मामाने दिलेल्या पुस्तकात शोधलं, तर खेळ फारच जुना निघाला. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात ‘८१’ लिहून ‘कुकु’ वाचलंय, कारण नवाला ‘कु’ आणि नऊ नव्वे एक्याऐंशी. ‘१६’ लिहून ‘शिशी’, म्हणजे शिकारीचं जनावर, कारण चाराला ‘शि’. पाढे पाठ असलेल्या कवींची ही करामत!

मग माऊ, त्यांचा कागद आणि गळा वेगळा पडला तर ती कला, आणि आजीचा वेगळा पडला तर अशुद्ध? त्यांना उच्चार वर छापावा लागतो, कारण चिन्ह पाहून तो नेमका कळत नाही. आपली देवनागरी तर ऐकलं तसं लिहू देते. ती सोय हाताशी असताना तू आजीचा आवाज पुसलास. अर्थ सांगायचा तर ओळीखाली सांग. ओळीला हात लावू नकोस.

जात्यावरची बाई ओवी सरळ म्हणत नाही गं. खुंटा ओढताना अर्धी ओळ परत घेते, वैरण घालताना थांबते, ‘गं’ आणि ‘बाई’वर दम सावरते. वहीत दोन ओळी उरतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्याच डोंगरांत, गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांसोबत काम करता करता ओव्या टिपायला घेतल्या. राज्यभरातून मिळून त्या लाखावर गेल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यामुळे आवाजही टिपले गेले, त्यात आपल्या कोळवड्याच्या बायकाही आहेत. ‘पारी’ या संकेतस्थळावरच्या संग्रहात ते आवाज ऐक, मग तुझी पानं पुन्हा उघड. तुला कळेल मी का चिडले.

तुझ्या आईचाही हाच स्वभाव होता. नांदगावच्या लग्नात काकूंना हळदीच्या दिवशी मध्येच थांबवून शब्द सुधारला होता तिने. काकू त्या दिवशी पुढे गायल्याच नाहीत. तू तेव्हा माझ्या मांडीवर झोपलेली होतीस.

आजीची तब्येत बरी म्हणावी अशी नाही. पावसाळ्यापासून दम लागतो, दोन ओव्यांनंतर बसून राहते. दळण गिरणीत जातं, त्यामुळे जात्यावर बसायला तिला निमित्तही उरलेलं नाही. तिच्या बरोबरीच्या वाडीत दोघीच राहिल्या, त्यातल्या एकीला ऐकू येत नाही. त्या बाईच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या असतील असं मला वाटत नाही. आणि तू एप्रिलमध्ये जपानला चाललीस.

निघायच्या आधी आठ दिवस इथे ये. फोनमध्ये आवाज भरून घे, आजी म्हणेल तसा शब्द लिही आणि मला दाखवल्याशिवाय एकही अक्षर बदलू नकोस.

तुझी,
मावशी