घसारा

जमाखर्चाच्या पुस्तकात 'घसारा' हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा तो मला अगदी निरुपद्रवी वाटला. यंत्र असो वा मोटार, ठरलेले टक्के वजा करावेत, उरलेली रक्कम ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मांडावी आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावे. आमच्या वर्गातले कन्नड माध्यमाचे मित्र यालाच 'सवकळी' म्हणतात. सवकळी म्हणजे झीज. एका कोरड्या आकड्याला दोन्ही भाषांनी घासण्या-झिजण्यावरून नाव द्यावे, याचे मला तेव्हा काहीच वाटले नाही. ते वाटायला लावले ग्वाल्हेरच्या एका काळ्या मोटारीने.

माझी आत्या लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तेथे छावणी टाकली म्हणून त्या वस्तीला लष्कर हे नाव पडले. छावणीबरोबर जी मराठी घराणी तेथे गेली, त्यांपैकी काकांचे एक. दोनशे वर्षांच्या हिंदीच्या शेजाराने त्यांची मराठी थोडी वेगळी झाली आहे. ओरखड्याला ते 'खरोच' म्हणतात. हा शब्द मला त्या सुट्टीत पुष्कळदा ऐकावा लागला.

काका निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाच्या पैशांतून मोटार घेतली. रंग काळा. काळा रंग सांभाळणे कठीण, असे सर्वांनी बजावले होते. पण आयुष्यभर सायकल आणि स्कूटर चालवलेल्या माणसाला स्वतःची मोटार कोणत्या रंगाची हवी, हे दुसऱ्यांनी का ठरवावे? गल्लीतला एक पोरगा आठवड्यातून दोनदा येऊन ती धूत असे. मे महिन्यात तेथे लू वाहते, आणि सकाळी पाहावे तर मोटारीवर पिठासारखी धूळ बसलेली. महिनाभर फुकटचे जेवतो आहोत, तर काही काम करावे म्हणून मी रोज सकाळी एक सुती फडका घेऊन ती धूळ पुसू लागलो. दहा मिनिटांत मोटार आरशासारखी होई. आत्या म्हणे, "किती करतोस रे!" आणि माझा हात आणखी जोरात चाले.

तो पोरगा पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला होता, "भैया, पहले पानी मारो, फिर पोंछो." आपले काम जाईल या भीतीने हा बोलतो आहे, असे मी मनाशी ठरवले आणि हसून सोडून दिले.

सुट्टीच्या अखेरीस काकांनी आम्हांला जयविलास महाल दाखवायला नेले. १८७४ साली बांधलेल्या या महालाच्या एका भागात संग्रहालय आहे. मेजवानीच्या टेबलावर रूळ टाकून त्यांवरून फिरवायची चांदीची आगगाडी तेथे आहे. ती पाहताना आत्या म्हणाली, "चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. घासावी तर काळेपणाबरोबर थोडी चांदीही जाते. माझे पैंजण बघ, निम्मे झालेत." काकांना मात्र मोटारींचे कौतुक. त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली, तीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस जिंकली आणि ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. "तुमच्या कोल्हापूरचे घाट चढून मग आमच्याकडे आली!" त्या काळी मोटारीला रंग व रोगण ब्रशने थरावर थर देत आणि प्रत्येक थर वाळवून घासत, एका मोटारीला आठवडे लागत. ज्याने इतके आठवडे घालवले, तो तिच्यावर कोरडा फडका मारू देईल का, हा विचार मला नंतर सुचला.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होते. काकांच्या मोटारीच्या बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेषांची वर्तुळे चमकत होती. टपावरही तेच. काका वाकून पाहत राहिले. "खरोच," एवढेच म्हणाले. मग म्हणाले, "त्या पोराने घाणेरडा कपडा मारला. उद्यापासून त्याला बंद."

मी तेथेच बोलायला हवे होते. बोललो नाही. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी पोरगा बादली घेऊन आला आणि तशीच घेऊन गेला, ते मी खिडकीतून पाहिले.

चार दिवसांनी काका मोटार घेऊन एका डिटेलिंगच्या कारखान्यात गेले. मीही गेलो. डिटेलिंग म्हणजे महागडी धुलाई, अशी माझी समजूत होती. तेथल्या कारागिराने आधी मोटारीला हातच लावला नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धूळ काढली, फेस सोडला, तो वाहू दिला आणि मगच मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा घेतला. जवळ दोन बादल्या होत्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळायचा, म्हणजे निघालेली रेती पुन्हा रंगावर जात नाही. नंतर त्याने चिकणमातीसारखा एक गोळा ओल्या पत्र्यावरून फिरवला. धुऊनही चिकटून राहिलेले कण त्यात आले आणि गोळा करडा झाला.

मग त्याने बॅटरीचा झोत टाकला. वर्तुळे दिसली. झोत सरकवला तशी वर्तुळेही सरकली! ओरखडे मुळात वर्तुळाकार नसतातच. ते सर्व दिशांना असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळे दिसते.

"सूखा कपड़ा मारा है किसी ने, रोज़," तो म्हणाला. धुणाऱ्याचा दोष असता तर चिखल जेथे साचतो त्या खालच्या पत्र्यावर जास्त ओरखडे पडले असते. येथे तो भाग साफ होता आणि बॉनेट, टप व दारांचा वरचा भाग खराब होता. उभ्या माणसाच्या डोळ्यांना धूळ दिसते तेवढाच भाग.

काका म्हणाले, "तोच पोरगा."

"काका, तो नाही," मी म्हणालो. "मी. रोज सकाळी."

काकांनी माझ्याकडे पाहिले, मग बॉनेटकडे पाहिले. त्यांच्या रागाची मी तयारी केली होती. ते कारागिराला एवढेच म्हणाले, "आता काय करता येईल?"

उपाय दोन होते. एक स्वस्त. तेलकट, मेणकट लेप चोळायचा, तो ओरखड्यांत भरतो आणि मोटार नव्यासारखी दिसते. चार-सहा धुण्यांत लेप जातो आणि जाळे परत येते. दुसरा उपाय म्हणजे यंत्राने घासून ओरखड्यांच्या तळापर्यंतचा थर उतरवणे. कारागिराने एक छोटे उपकरण बॉनेटवर टेकवले. रंगाचे सारे थर मिळून जाडी ११० मायक्रॉन भरली. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. या ११० मधला सर्वांत वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नासच असतो. चमक असते ती त्यातच, आणि उन्हापासून खालच्या रंगाला राखतो तोही तोच. प्रत्येक घासणीत त्यातले काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत.

म्हणजे चमक वर चढवीत नाहीत, खालून खरवडून काढतात! मला आत्याचे पैंजण आठवले आणि वर्गातला फळाही आठवला. मोटारीवर सालाबाद १५ टक्के घसारा, तोही घटत्या शिलकीवर. पाच लाखांचे सव्वाचार, मग तीन लाख एकसष्ट हजार दोनशे पन्नास. ही शिलक किती वर्षे गेली तरी शून्यावर येत नाही. पण रोगणाची येते. ते एकदा संपले की कोणत्याही पद्धतीने मांडा, संपलेच.

काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, "हलका हात मारा. उथळ असतील ते जाऊ देत. खोल आहेत ते राहू देत."

पैसे मी देतो म्हणालो. काकांनी ऐकले नाही. "माझी मोटार, माझा खर्च. तुला द्यायचे असेल तर दुसऱ्याचे देणे आहे."

संध्याकाळी मी त्या पोराचे घर शोधत गेलो. बुडालेल्या दिवसांचे पैसे पुढे केले आणि झाले ते सांगितले. त्याने पैसे मोजून खिशात घातले. रागावला नाही, हसलाही नाही. "मैंने बोला था," एवढेच म्हणाला. कामावर परत यायला तयार झाला, पण एक अट घातली. एका बादलीत होत नाही. दुसरी बादली पाहिजे.

ती बादली मी आणून दिली. निळी, प्लास्टिकची. परवा आत्याचा फोन आला होता. मोटार ठीक आहे, म्हणाली. उन्हात नीट पाहिले तर बॉनेटवर चार-पाच रेषा अजून दिसतात.