सूर्यास्तापूर्वीचे ताट

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सूर्य बारा महिने एकाच जागी मावळत नाही. जून-जुलैत तो मलबार टेकडीच्या बाजूस झुकतो आणि झाडी-इमारतींच्या आड जातो; मार्गशीर्षात मात्र दक्षिणेकडे सरकून थेट मोकळ्या अरबी समुद्रात उतरतो. वेळेतही मोठे अंतर पडते. जुलैच्या आरंभी सूर्यास्त ७ वाजून २० मिनिटांच्या सुमारास, तर नोव्हेंबर संपताना ६ च्या आसपास. फिरावयास आलेल्यास या तफावतीचे काही वाटत नाही. चौविहार पाळणाऱ्यास मात्र तिचा हिशेब ठेवावा लागतो. नोव्हेंबरअखेरच्या एका शनिवारी येथे जमलेल्या पाच मित्रांचा सारा दिवस या हिशेबावरच बेतलेला होता.

पाचांपैकी एकास त्या दिवशी ६० वर्षे पूर्ण होत होती. पुण्यात लक्ष्मी रोडवर त्यांचे कापडाचे दुकान. मैत्री शाळेच्या बाकापासूनची. त्यांच्यातील भुसार व्यापारी असलेल्या मित्राने ११ वर्षांपूर्वी पर्युषणात महाराजसाहेबांकडून जन्मभराच्या चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. तेव्हापासून कोणाचेही लग्न असो वा वाढदिवस, हे गृहस्थ पाचला येऊन आहेर देत आणि सहापूर्वी घर गाठत. उरलेले चौघे रात्री नऊला पंगतीस बसत. कोणी कोणास बोलले नाही, पण अंतर पडत गेले. साठीचे जेवण पाचांनी एका टेबलावर घ्यायचे, एवढीच कापडवाल्यांची अट होती.

अट साधी, पण उंची हॉटेलांच्या रिवाजास ती मानवत नाही. दुपारचे जेवण आटोपले की त्यांचे स्वयंपाकघर बंद होते, ते सातनंतरच उघडते. ‘जैन पदार्थ हवे तितके देऊ, पण साडेसातनंतर,’ असे उत्तर दोन-तीन ठिकाणी मिळाले. ज्या नियमासाठी पदार्थ वेगळे करायचे, त्याच नियमाची वेळ मोडून ते वाढायचे, हा प्रकार मुंबईसारख्या शहरात अजून चालतो, याचे नवल वाटते. अखेरीस समुद्रासमोरच्या एका हॉटेलाने साडेचारला गच्चीवरचे दालन उघडण्याचे मान्य केले. पदार्थ मात्र दोन दिवस आधी ठरवायचे होते.

ती यादी ठरविणे हे एक प्रकरणच झाले. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य, हे मुख्य आचाऱ्यास ठाऊक होते. आल्याऐवजी सुंठ चालते हेही. पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे घालणाऱ्या शहरातला तो आचारी. अडचण निघाली ती विलायती पदार्थांत. रिसोतो हा इटालियन भात ज्या पाण्यात शिजतो, त्यात कांदा व गाजर आधीच उकळलेले असतात; पानावर ते दिसत नाहीत. त्यावर भुरभुरायचे पार्मेसान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजलेले. गोडातल्या थरथरत्या वड्यांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून केलेला पदार्थ. अळिंबी नको, वांगे नको, मध नको. आचारी चिकाटीचा निघाला. त्याने कोहळा व मक्याच्या पाण्यात भात शिजविण्याचे आणि वनस्पतिजन्य रेनेटचे भारतीय चीज वापरण्याचे कबूल केले.

चौघे सकाळच्या डेक्कन क्वीनने आले. झवेरी बाजारातला पाचवा स्टेशनवर भेटला. वाळकेश्वरच्या टेकडीवरील १९०४ सालच्या आदीश्वर देरासरात दर्शन झाले. दारातले दगडी हत्ती आणि आतल्या घुमटावरील राशिचक्र पाहण्यात दुपार सरली, आणि साडेचारला मंडळी गच्चीवर पोहोचली.

उंची हॉटेलात जेवण पायरीपायरीने येते. घाई तेथे असभ्य समजली जाते. पाच वाजून गेले तरी टेबलावर केवळ सूप होते. सव्वापाचला दुसरा पदार्थ आला, तोही बशीच्या मध्यावर चार घास. भुसारवाले काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर दोनदा समुद्राकडे गेली. कापडवाल्यांनी ती पाहिली. त्यांनी वयस्कर वाढप्यास जवळ बोलावले. “दादा, जे तयार असेल ते सारे एकदमच आणा.”

“साहेब, तशी पद्धत नाही.”

“आमच्या घरी आहे.”

दहा मिनिटांत टेबल भरून गेले: भात, पनीर, मटारच्या करंज्या, दोन प्रकारच्या रोट्या. पाचांनी एकमेकांच्या बशीत वाढले, हॉटेलची शिस्त बाजूस राहिली. झवेरी बाजारवाल्याने शाळेतल्या डब्यांची आठवण काढली आणि भुसारवाले बऱ्याच वर्षांनी मोकळे हसले. अंडेविरहित केक कापला गेला. मेणबत्ती फुंकण्याचा विषय निघाला नाही.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी भुसारवाल्यांनी घरून आणलेले उकळलेले पाणी घेतले, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले. त्याच सुमारास बासुंदी आली. तिघांनी ती तशीच ठेवली. झवेरी बाजारवाल्याने मात्र वाटी पुढे ओढली. “माझा नियम नाही रे, तुम्ही बसा बघत.” भुसारवाल्यांनीच त्याच्या वाटीत आणखी एक डाव घातला.

बिल मोठे आले. वेळेबाहेर स्वयंपाकघर उघडल्याचा आकार त्यात निराळा होता. कापडवाल्यांनी ते आकडा न वाचता दिले. खाली दिवे लागले होते. कठड्यावर बसून पुढच्या भेटीची बोलणी निघाली. भुसारवाल्यांची साठी जूनमध्ये येते.

“तेव्हा सव्वासातपर्यंत वेळ आहे,” ते म्हणाले. “बासुंदी आधी मागवा.”