पळसखेडचं देणं

माझ्या मायकडे कविता होती, हे मला कवी ना. धों. महानोरांमुळे कळलं. माय पुढे गेली, ३ ऑगस्ट २०२३ ला महानोरही गेले. दोघांचं देणं माझ्या हिशेबात एकाच पानावर आहे.

पळसखेड आमच्या सोयगाव तालुक्यातलं. महानोरांचा जन्म तिथला, १९४२ चा. शाळेसाठी पिंपळगाव, शेंदुर्णी. कॉलेजसाठी जळगाव, तेही वर्षभरच. मग परत शेती. आमच्याकडच्या पुष्कळ पोरांची वाट हीच. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचा औरंगाबाद, असला तरी मध्ये अजिंठ्याचा डोंगर आडवा. घाट उतरला की बाजार, बोली, सोयरीक सगळं खानदेशाकडे वळतं.

माय निंदणीला जायची. बाया पात धरायच्या, एकजण ओळ उचलायची आणि बाकीच्या ती पुढे न्यायच्या. त्या ओळींत सासर-माहेर असायचंच, पण बहात्तरचा दुष्काळही असायचा. खडी फोडणारे हात, सुकडीसाठी धरलेली रांग, मिलोची लाल भाकर, दावणीवरून सोडून नेलेला बैल. मी तेव्हा कडेवरचा. दुष्काळातलं मी काहीच पाहिलेलं नाही म्हटलं तरी चालेल. तरीही तो मला आठवतो, चालीसकट आठवतो. मायनं तो म्हटला होता, एवढंच त्याचं कारण. घरात त्या सालाचा एक फोटो नाही, एक कागद नाही. सरकारी दप्तरात दुष्काळी कामावरच्या मजुरांचे आकडे असतील. बैल सोडताना आजा गोठ्याकडे पाठ करून उभा राहिला होता, हे फक्त मायच्या ओळीत आहे.

शाळेत कविता म्हणजे पाठांतर आणि मार्क. शेतातल्या बाया म्हणतात ते वेगळं, त्याला कुणी कविता म्हणत नसे.

मग तालुक्यातल्या एका कार्यक्रमात महानोरांना ऐकलं. ते कविता वाचत नव्हते, म्हणत होते. आवाज चढवायचा नाही, हातवारे नाहीत, ओळ संपली की थोडं थांबायचं आणि तीच ओळ पुन्हा घ्यायची. माय माझ्या शेजारी बसलेली. ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचे ओठ हलायला लागले. ती कविता तिनं आधी कधीच ऐकलेली नव्हती, पण पुढे कुठे वळायचं ते तिला ठाऊक होतं. मी कवीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिलो.

पुस्तकं नंतर हाती आली. ‘रानातल्या कविता’ १९६७ ची. ‘वही’ १९७० ची. वहीगायन ही आमच्या भागातली जुनी लोककला, तिचा सूर त्यांनी छापील कवितेत आणला. ‘पळसखेडची गाणी’मध्ये तर त्यांनी गावातल्या तोंडी गाण्यांनाच जागा दिली. मोठा कवी झाल्यावर शेजारणीचं गाणं तिचंच म्हणून छापणं, हे मला त्यांच्या १९९१ च्या पद्मश्रीपेक्षा मोठं वाटतं. नाहीतर जवळच्याच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितांचं काय झालं असतं? त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरींनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून १९५२ ला पुस्तक निघालं. बाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

‘अजिंठा’ हे त्यांचं दीर्घकाव्य मला याच कारणासाठी जवळचं. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठा लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं राबला. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची इथली प्रेयसी पारो, तिची गोष्ट मात्र इथल्या माणसांच्या तोंडी टिकली. अजिंठा गावात तिची कबर आहे. महानोरांनी त्या बोलण्याला कवितेचा देह दिला, पुढे २०१२ मध्ये त्यावर चित्रपटही आला.

मायच्या ओळी मी आता म्हणतो. मुलीला चाल येते, काही शब्द अडतात, मग आम्ही अर्थ सोडून आधी चाल पक्की करतो. शब्द मागून येतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या घरात आजी असेल, मावशी असेल, शेतात पात धरलेली कुणीही बाई असेल, तर तिला एकदा म्हणायला सांगा. मोबाईल खिशात आहेच, तो सुरू करा. तिचं नाव, गाव, कोणत्या कामावर म्हणायची, तेही तिच्याच आवाजात येऊ द्या. आणि नंतर ते नुसतं साठवून ठेवू नका, तुम्ही स्वतः म्हणा.