बफर खालीवर व्हायलंय, दादा!

डीव्हीडी राईट करताना स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसायच्या, आठवतंय? एक सॉफ्टवेअरच्या बफरची, दुसरी राईटरच्या स्वतःच्या बफरची. दोन्ही नव्वद टक्क्यांच्या पुढे असल्या की खुशाल चहाला जावं. पण एखादी पट्टी नव्वद, वीस, सत्तर, शून्य अशी नाचायला लागली की चहा घशाखाली उतरत नसे.

२००६ च्या दिवाळीत अर्धापूरला गेलो होतो. मावसभावाचा तिथे छोटासा स्टुडिओ होता, लग्नाच्या शूटिंगचा. मला बघताच म्हणाला, "दादा, बफर सारखं खालीवर व्हायलंय. चार डिस्का गेल्या बघ." डिस्कच्या पैशांचं एवढं नाही हो. पण डीव्हीडी तयार झाली की तो तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायचा. म्हणजे डिस्क नीट उतरली नाही तर अख्खं लग्नच पुसलं जायचं! आणि रांगेत माझ्या बहिणीचं लग्न होतं. आमच्या आजीचं एकमेव चालतंबोलतं चित्रण त्यात.

बफर म्हणजे काय, हे अर्धापुरात समजावणं सोपं. केळीच्या बागा सगळीकडे. लाईट असेल तेव्हा मोटार हौद भरते, आणि हौदातून ठिबकला पाणी जातं. ठिबक चालू राहावं म्हणून हौद. पण राईटरमधला हौद फारच लहान, साधारण २ एमबीचा. १६ एक्स वेगाला सेकंदाला सुमारे २२ एमबी लागतात. म्हणजे मोटार बंद पडली तर सेकंदाच्या दहाव्या भागातच हौद कोरडा.

पूर्वी हौद कोरडा पडला की डिस्क बाद. सान्योने २००० साली बर्न-प्रूफ तंत्र आणलं, मग राईटर जागीच थांबून पुन्हा तिथूनच लिहू लागला. पण प्रत्येक थांब्याला डिस्कवर एक सांधा राहतो, आणि शेकडो सांधे असलेली डिस्क एखाद्या प्लेअरवर अडखळू शकते. शिवाय लाईटच गेली तर हे तंत्र काय करणार? त्या काळच्या लोडशेडिंगला यूपीएस हाच उपाय.

पट्टी थोडीफार हलणं नॉर्मल असतं. नाचायला लागली तर दोष बहुतेक वेळा हौदात नसतो, मागच्या पाईपात असतो. आम्ही डिव्हाइस मॅनेजर उघडून आयडीई चॅनेल पाहिलं. तिथे डीएमएऐवजी पीआयओ! विंडोज एक्सपीला डेटा नेताना सहा चुका आढळल्या की ते वेग एकेक पायरी उतरवत शेवटी पीआयओवर येतं. मग एकेक तुकडा प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो, डोक्यावर हंडे वाहिल्यासारखा.

आमची मूळ चूक केबलमध्ये निघाली. त्यात हार्डडिस्क आणि राईटर एकाच केबलवर, म्हणजे एका वेळी एकालाच बोलता येणार! नांदेडहून नवी ऐंशी तारांची केबल आणली, राईटर वेगळ्या चॅनेलवर लावला, जुनं चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं. डीएमए परत आला. आधी हार्डडिस्कवर इमेज फाईल बनवली, अँटीव्हायरस थांबवला, आणि ४ एक्सने लिहिलं. पूर्ण डिस्कला पंधराएक मिनिटं लागली, पट्टी ढिम्म हलली नाही. व्हेरिफाय झाल्यावरच कॅसेट सुटली.

सॉफ्टवेअरच्या नोकरीतही मी तेव्हापासून हेच करत आलोय. पट्टी नाचली की आधी तिच्यामागे काय आहे ते बघायचं.

आता त्या डिस्कांचं काय? लॅपटॉपमधून ड्राईव्ह गेला, आणि लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होत जातो. तेव्हा घाईत, नाचऱ्या पट्टीवर लिहिलेल्या डिस्का असतील तर आधी त्या बघा. या शनिवारी एक यूएसबी ड्राईव्ह मागून आणा, हबला न लावता थेट लॅपटॉपला जोडा, आणि दोन ठिकाणी कॉपी करा. मूळ कॅसेटवर तर केव्हाच दुसऱ्या कुणाचं तरी लग्न लागलेलं असणार.