शेगडीची ऊब आणि उघडी खिडकी

नाताळच्या सुटीत बेळगावहून निपाणीस जाण्याचा योग आला. हत्तरगी, संकेश्वर मागे टाकून तवंदीचा घाट उतरेपर्यंत दिवस मावळला होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. निपाणी त्याहून सखल, तरी डिसेंबरातील गारठा येथेही अंगाला झोंबतो.

यजमानांच्या जुन्या कौलारू घरात प्रथम दृष्टीस पडला तो न्हाणीघरातील तांब्याचा बंब. युरोप-अमेरिकेतील जुन्या घरांत तळघरात कोळशाची लोखंडी भट्टी असे. तिचा धूर धुराड्यावाटे छपरावर जाई आणि तापलेली हवा नळांवाटे खोल्यांत चढे. आपला बंब त्याच कुळातला. खाली जाळीवर विस्तव, मधून धुराची नळी, सभोवार पाणी. धूर एकीकडे आणि ऊब दुसरीकडे, अशी ही वाटणी. रात्री त्या भट्टीतला कोळसा राखेने झाकून सकाळपर्यंत जिवंत ठेवीत. आपल्या आया-आज्याही चुलीतला निखारा तसाच जपत.

परंतु खोली उबदार करावयाची तर आपल्याकडे शेगडी येते, आणि शेगडीला धुराडे नसते. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी लोणारी कोळशाची शेगडी माझ्या खोलीत आणून ठेवली. मी खिडकी लावून घेतली. त्यांनी ती पुन्हा उघडली.

“आजी, वारा येतो की!”

“येऊ दे रे बाळा. सकाळी जागं व्हायचं आहे ना?”

निजण्यापूर्वी त्यांनी शेगडीही उचलून बाहेर पडवीत नेली.

धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका टळला, असे आपण समजतो. पण फुललेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघत असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि निजलेला मनुष्य उठतच नाही.

वाचकहो, गॅस आणि वीज आल्यापासून शेगड्या माळ्यावर गेल्या. तरी बाळंतिणीला व तान्ह्या बाळाला शेकशेगडी देण्याची चाल अनेक घरांत अद्याप आहे, आणि वारा लागू नये म्हणून तीच खोली आपण सर्वांत गच्च बंद करतो! तेथे खिडकी उघडी असावी, कोणी जागे असावे, आणि शेक होताच शेगडी बाहेर न्यावी. रात्रीच्या सोबतीला वाकळ पुरे.