ऋणनिर्देशातून सुटलेलं नाव

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातला ऋणनिर्देश चांगला दीड पानांचा आहे. मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथपाल, आई-बाबा, एवढंच काय, बाइंडिंगवालासुद्धा त्यात आहे. मामा तेवढे नाहीत.

मामा म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे शिपाई. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या महाविद्यालयात शिपायाला सगळे मामाच म्हणत. चहा आणायचा, काचसामान धुवायचं, कुंड्यांना पाणी घालायचं. त्यांचं काम एवढंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

2006 चा उन्हाळा. तंबाखूच्या पानात जिवाणू टोचले की झाड कसं झुंजतं, हे मी पाहत होते. सुई काढलेली सिरिंज पानाच्या पाठीला टेकवायची आणि जिवाणू मिसळलेलं पाणी हलकेच आत दाबायचं. झाडानं शत्रू ओळखला, तर त्या जागच्या पेशी स्वतःहून मरतात आणि त्याची वाट अडवतात. दुसऱ्या दिवशी तिथे कागदासारखा सुकलेला डाग दिसतो. डाग पडला की झाड जिंकलं. माझ्याकडे मात्र एका आठवड्यात ठसठशीत डाग, तर पुढच्या आठवड्यात नुसती फिकट छटा. मी जिवाणू पुन्हा वाढवले, माध्यम बदललं, रोपं बदलली. शेवटी स्वतःच्या हातावरच संशय यायला लागला.

एका संध्याकाळी मामांनी टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. डावीकडे ‘लाइट गेली’, उजवीकडे ‘लाइट आली’. तारीख, तास, मिनिटं. भारनियमनाचे दिवस होते. फ्रीजमधल्या माझ्या जिवाणूंना बर्फ कधी लावायचा, हे कळावं म्हणून त्यांनी कुणी न सांगता ही नोंद ठेवली होती.

“ताई, ज्या दिशी टोचल्यावर लाइट ग्येली, त्या दिशी तुमचा डाग नीट पडत न्हाई. अंधारात झाडाला बळ येत न्हाई का?”

रोपं बंद खोलीत ट्यूबलाइटखाली होती. लाइट गेली की त्यांची रात्र. मामांची वही आणि माझी वही शेजारी ठेवून मी रात्री अकरापर्यंत बसले. जुळत होतं.

हरितलवक म्हणजे पानाचं स्वयंपाकघर, हे आपण शाळेत घोकतो. ते राखणही करतं, हे मला त्या वहीनं शिकवलं. जिवाणूशी लढायला झाड सॅलिसिलिक आम्ल वापरतं. त्याचा मोठा भाग ज्या वाटेनं तयार होतो तिची सुरुवात हरितलवकात होते, हे मेरी वाइल्डरमुथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अराबिडॉप्सिस या छोट्या झाडावर 2001 साली दाखवून दिलं होतं. जॅस्मोनिक आम्लाचा पहिला कच्चा मालही तिथलाच. पेशी मारायला लागणारी ऑक्सिजनची जहाल रूपं उजेडात तिथेच उसळतात. म्हणून अंधारात प्रतिकार ढिला पडतो. पुढे 2015 मध्ये तंबाखूच्याच भाऊबंदकीतल्या एका झाडात दिसलं, की हल्ला झाला की हरितलवकं बारीक नळ्या काढून पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतात. निरोप द्यायलाच जणू.

जिवाणूंना या राखणदाराची किंमत आपल्याआधी कळली असावी. स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू सुईसारख्या नळीतून पेशीत प्रथिनं सोडतो. त्यातली काही नेमकी हरितलवकात शिरतात आणि सॅलिसिलिक आम्लाचं काम बिघडवतात. गंमत अशी, की हरितलवक मुळात जिवाणूच. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीनं गिळलेला, पण न पचलेला. ही जुनी कल्पना लिन मार्गुलिस यांनी 1967 साली नव्यानं उभी केली, तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. परका म्हणून आलेला घरचा झाला आणि आता आपल्याच जातभाईंना दाराबाहेर रोखतो.

प्रबंधात मी ‘प्रकाशाचा कालावधी’ असं एक प्रकरण लिहिलं. मामांच्या वहीतल्या वेळा त्यात तक्ता क्रमांक चार म्हणून छापल्या. तक्त्याखाली कुणाचंच नाव नाही.

गेल्या वर्षी सांगोल्याजवळच्या त्यांच्या गावी गेले. प्रबंधाची प्रत नेली होती. ऋणनिर्देशाच्या पानावर त्यांचं नाव शाईनं लिहिलं होतं, सतरा वर्षं उशिरा. मामांनी चष्मा लावून ते पान वाचलं, मिटलं आणि म्हणाले, “चला, बाग दावतो.”

डाळिंबाची अर्धी बाग तेल्या रोगामुळे काढून टाकावी लागली होती. उरलेल्या झाडांच्या पानांवर तेलकट डाग होते. तोही जिवाणूच, झँथोमोनास. माझ्या तंबाखूवरचा डाग झाडाच्या जिंकण्याचा होता, हा हरण्याचा. मामांनी एक पान उन्हाकडे धरलं.

“यावर काय सापडलं का, ताई?”

“फवारे आहेत, छाटणी आहे, बहार बदलणं आहे. पण हमखास असं अजून नाही, मामा.”

“मंग सापडंल,” ते म्हणाले, आणि निरोगी झाडावरची डाळिंबं तोडून पिशवीत भरू लागले. मी नको नको म्हणत होते, तरी ते पिशवी गाडीत ठेवूनच थांबले.

मी गेले होते जुनं देणं थोडं उतरवायला. परतले ती पाच किलोंनी वाढवून.