जकातीच्या अलीकडे

हडसन नदीवरील जॉर्ज वॉशिंग्टन पुलाची जकात न्यूयॉर्कात प्रवेश करणाराकडूनच वसूल होते, बाहेर पडणारास कोणी हटकत नाही. या एका वहिवाटीवरूनच दोन्ही तीरांची प्रतिष्ठा ध्यानी यावी. न्यू जर्सीच्या हद्दीत राहणारे आम्ही महाराष्ट्रीय देखील गावी पत्ता सांगताना ‘न्यूयॉर्कजवळ’ असेच म्हणतो. जाझचे श्रेयही असेच त्या महानगराच्या खाती जमा झाले आहे. वस्तुतः ज्या ध्वनिमुद्रिकांनी जाझचा लौकिक वाढविला, त्यांपैकी कितीतरी अलीकडच्या तीरावर, पुलापासून जवळच असलेल्या इंगलवुड क्लिफ्स या गावी, रस्त्यालगतच्या झाडीत दडलेल्या एका वास्तूत मुद्रित झाल्या.

ही वास्तू रूडी व्हॅन गेल्डर यांची. लोकांचे डोळे तपासून उपजीविका करणारा आणि उरल्या वेळी आईवडिलांच्या दिवाणखान्यात वादकांना बसवून ध्वनिमुद्रण करणारा हा गृहस्थ १९५९ साली तो व्यवसाय सोडून, लाकडी कमानींच्या व ३९ फूट उंच छताच्या या स्टुडिओत आला. मायक्रोफोनला तो हातमोज्यांवाचून हात लावीत नसे. इतके सोवळे मी आमच्या आजीच्या देवघरातही पाहिले नाही.

येथेच १७ मार्च १९६५ रोजी हर्बी हॅनकॉक या २४ वर्षांच्या पियानोवादकाने आपल्या पाच रचनांचा ‘मेडन व्हॉयेज’ हा अल्बम सिद्ध केला. तो, बासवादक रॉन कार्टर आणि अवघ्या १९ वर्षांचा ड्रमवादक टोनी विल्यम्स हे तिघेही तेव्हा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या चाकरीत होते. शीर्षकाची रचना मुळात पुरुषांच्या अत्तराच्या जाहिरातीसाठी केलेली, हे ऐकून सोवळ्या रसिकांनी नाक मुरडू नये. बत्तीस बारांच्या तिच्या आवर्तनात कॉर्ड, म्हणजे स्वरसंघात, मोजके चारच. प्रत्येक कॉर्ड चार बार ठाण मांडतो आणि रूढ शिरस्त्याप्रमाणे विश्रांतिस्थानाकडे धाव घेत नाही, म्हणून विलंबित ख्यालावर पोसलेल्या कानास येथे परकेपणा वाटत नाही. याच अल्बममधील ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ ही रचना मात्र मला कौशल्यप्रदर्शनाकडे झुकलेली वाटते.

या अल्बममधील फ्रेडी हबर्ड यांच्या ट्रम्पेटची स्तुती सर्वत्र होते, ती यथार्थच आहे. परंतु शीर्षकरचनेत पहिला विस्तार करतात ते सॅक्सोफोनवादक जॉर्ज कोलमन, आदल्याच वर्षी डेव्हिस यांचा संच सोडून आलेले. आणि त्या मोकळ्या अवकाशात कोठेही घाई न करता त्यांनी जी वाट आखून दिली, तिच्याचवरून पुढे हबर्ड निर्धास्त धावतात.